पांढरा अजून चालत होता

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर पूलची मॅच लागली होती. माझ्या शेजारच्या आजी पलीकडच्या माणसाशी बोलत होत्या.

“हल्लीची पोरं नुसते बॉल पाडतात. पांढरा बॉल थांबवावा तर त्या जुन्या डावखुऱ्या खेळाडूनंच.”

“मग फायनल कशी हरला, मावशी?”

“शेवटचा काळा पाडला आणि लगेच वळून बहिणीकडे पाहून हसला. पांढरा अजून चालत होता. तोही पडला पॉकेटमध्ये. तो पडला की डाव गेला.”

“एवढा कसलेला माणूस, जरा थांबायचं ना.”

“एवढी वर्षं ती घरी टीव्हीवरच बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा हॉलमध्ये आली होती.”

“बोलला असेल तिला.”

“छे. अजून म्हणतो, ताई, तू आलीस तेच खूप. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला.”