कवळी लॉकरमध्ये, नंबर मोबाईलमध्ये

...आणि मोबाईल कुठं? तर तोही लॉकरमध्येच! शॉपवर, म्हणजे मशिनी चालतात तिथं, मोबाईल न्यायचा नाही, कंपनीचा नियम. कुलूप वाईट नव्हतं हो. साक्षी, आमची मुलगी, म्हणाली, मम्मी, लॉकरच्या कुलपाला वाढदिवसाचा नंबर ठेवू नकोस, कुणीपण ओळखतं. म्हणून ठेवला भलताच, आणि विसरायला नको म्हणून लिहून ठेवला... मोबाईलमध्ये. हुशारच मी.

नुसता मोबाईल असता तर गेला उडत, पण आत होती सासूबाईंची कवळी! चाकणच्या दवाखान्यातून दुरुस्त करून आणलेली आणि कालच लॉकरमध्ये विसरलेली. संध्याकाळी सांगवीत पुतणीचं लग्न, आणि सासूबाई आठ दिवस पेजेवर. सकाळी मी निघताना त्यांनी बजावलं, "आम्रपाली, लग्नात मी वरणभात चिवडत बसनार न्हाई."

बस सुटायला पंधरा मिनिटं. मेंटेनन्सवाले म्हणे कटर देतो, साहेबांची सही आणा. साहेब मीटिंगमध्ये. शेजारच्या लॉकरवाली पिंकी म्हणते, "ताई, हजारच नंबर असतात. शून्य शून्य शून्यपासून घ्या, सोमवारपर्यंत उघडेल." तुम्हाला सांगते, असल्या मैत्रिणी असल्यावर शत्रू कशाला हवेत?

मग म्हटलं, बाई, तू बारा वर्षं करतेस काय? क्वालिटीत बसून पार्ट हातात घेतेस, हलवतेस, ढिला असला की रिजेक्ट! कुलूप म्हणजे तरी काय, आत तीन चकत्या, प्रत्येकीला एक खाच, तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की कडी सुटते. पण स्वस्तातल्या चकत्या सारख्या थोड्याच असतात? कडी ओढून धरली आणि एकेक चकती हलवून बघितली, तर मधली घट्ट! तीच फिरवली, फिरवली, एका आकड्यावर कडी केसभर वर आली. मग पहिली घट्ट झाली, तिचं तेच. तिसरी तर नुसती फिरवायची... आणि टक्! दोन मिनिटंसुद्धा नाहीत. कुलूप वाईट नव्हतं हो, पण माझ्या टेबलावर आलं असतं तर रिजेक्टच्या लाल खोक्यात गेलं असतं.

बस मिळाली. हॉलच्या दारातच सासूबाईंनी कवळी तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला, आणि आठ दिवसांचं साठलेलं बोलणं सुरू! अख्ख्या मांडवाला सांगून आल्या, "आमची सून बिनकिल्लीची कुलपं उघडती." दोन बायकांनी पर्स या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. आणि नवरीची मावशी, अंबूबाई, धावतच आली. नवरीची बॅग... नंबरचं कुलूप... साडी आत... नंबर कुणालाच आठवेना!

बसले मी खाली, बॅग मांडीवर घेऊन. तेही कुलूप वाईट नव्हतं, त्यामुळे जरा वेळच लागला. साडी निघाली, नवरी नटली, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी पानावर बसले तेव्हा जिलबी संपली होती.

शेजारी सासूबाई, हात धुऊन, तृप्त. म्हणाल्या, "चार खाल्ल्या गं. काय कुरकुरीत हुत्या!"