चूळ

परभणीच्या स्टँडवर जिंतूरच्या गाडीसाठी मी जप करत बसले होते. शेजारी कमलबाई नावाच्या बाईंना त्यांचे दीर पत्र वाचून दाखवत होते. बाईंच्या मुलाला कंपनीनं फ्रान्सला शिकायला धाडलं होतं.

"बन्सीधर लिवतोय, वैनी, सुट्टीत आठ दिवस पैसे भरून पायी हिंडलो."

"पैसे भरून पायी? तिथं येष्टी न्हाई का?"

"हौसेनं हो. वाटाड्या पुढं, हे मागं. गावोगाव द्राक्षाची वाइन चाखायची."

"म्हंजे दारूच की! गळ्यात तुळशीची माळ हाय त्याच्या. आपण सोयरीक पक्की करायला निघालो. व्याही माळकरी. त्यायनी विचारलं तर काय सांगू?"

"पुढं तर ऐका. घोट तोंडात घोळवायचा अन् थुंकून द्यायचा."

"गिळायचा न्हाई?"

"न्हाई."

"मग एवढी पायपीट कशापायी?"

"ते लिवलं न्हाई."

बाई माझ्याकडे वळल्या. "माय, तुमचा उपास दिसतो. चूळ भरल्यानं उपास मोडतो का हो?"

"नाही, बाई."

"ऐकलं का, भाऊजी? पोरानं चूळ भरली. मी तसंच सांगते."

"थांबा, वैनी. अजून एक ओळ हाय. शेवटच्या गावात थुंकायला भांडंच ठिवलं नव्हतं, म्हणतोय."