पालथ्या ताटाखाली

धाकटी जाऊ : ताई, माझ्या इंडक्शन शेगडीवर हे ताट का पालथं घातलंय? उचलते हं, आईंच्या चहाला उशीर होतोय.

थोरली जाऊ : राहू दे ते ताट! स्विचला हात लावू नकोस!

धाकटी : अगं बाई! केवढ्यानं ओरडलात. झालंय काय?

थोरली : बघ उचलून.

धाकटी : अहो, काचेला तडा! या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी आता लावणार होते. पाणी झिरपून शॉक बसला असता म्हणजे?

थोरली : म्हणूनच ओरडले ना.

धाकटी : कशानं गेला?

थोरली : माझ्या बिडाच्या कढईनं.

धाकटी : ती तर माळ्यावर होती.

थोरली : हो. काचेवर ओरखडे पडतात म्हणून तूच चढवलीस. सकाळी घरात कुणी नव्हतं, खाली काढली.

धाकटी : ठेवताना निसटली का?

थोरली : नाही. आपटली.

धाकटी : ताई...

थोरली : जळले मी, कळलं? चौदा वर्षं या ओट्याशी उभी आहे. आमचे हे स्वतःचं ताट कधी उचलत नाहीत, आणि तुझी काच पुसतात, मऊ फडक्यानं! आल्यागेल्याला आई इथपर्यंत घेऊन येतात, "आमच्या धाकटीची शेगडी बघा." मी शेजारीच उभी असते गं, हातात लाटणं घेऊन.

धाकटी : मला एकदा बोलायचं तरी होतंत.

थोरली : काय बोलायचं होतं? माझंही कौतुक करा म्हणून?

धाकटी : मला खूप राग आलाय, ताई. माझ्या पहिल्या पगाराची होती ती.

थोरली : माहीत आहे. म्हणूनच जास्त जळले.

धाकटी : ...जाऊ दे. माझ्या हातून फुटली असं सांगते आईंना. मला काही बोलायच्या नाहीत.

थोरली : बघ! हेच! चांगुलपणासुद्धा तूच घेणार. सरक, माझं मी सांगते.

(सासूबाई दारात येतात.)

सासूबाई : चहाचं काय झालं गं? आणि हे काय, काच फुटली?

थोरली : माझ्याकडून फुटली, आई.

सासूबाई : तुझ्याकडून? काहीतरीच! चौदा वर्षांत कपाचा कान उडाला नाही तुझ्या हातून. घर निर्धास्त टाकून जाते मी, ते तुझ्या जिवावर. उगाच तिला पाठीशी घालू नकोस.

धाकटी : आई, ते...

थोरली : तू गप्प बस. आई, पुन्हा म्हणा ना.

सासूबाई : काय म्हणू?

थोरली : काही नाही. मीच फोडली, आई. आपटून.