सोडतीतले चौदा टक्के

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या पतपेढीची वार्षिक सभा होती. जेवणाच्या, पान्सित नूडल्सच्या रांगेत लिगायाच्या पुढे दोन म्हाताऱ्या खिदळत उभ्या होत्या.

“मेर्सिंग, यंदा सोडतीत नुसती तांदळाची पोती. व्याजदराचे चेंडू बंद!”

“का गं?”

“चेंडू आणणारे तिओ देल्फिन, आपले काका, वारले ना. संचालक मंडळातली नवी मंडळी म्हणतात, पोरखेळ आहे.”

“पोरखेळ? गेल्या वर्षी मी चौदा टक्क्यांचा चेंडू काढला तेव्हा मॅनेजरला घाम फुटला होता!”

“आणि तू पोतंच लागलं समजून नाचत सुटलीस!”

“नाचणारच! तिओंनी चेंडूवरचा आकडा धरून मॅनेजरला भर सभेत विचारलं, उद्या बाहेर चौदा टक्के मिळायला लागले, सगळे ठेवी काढायला धावले, आणि तुम्ही पैसे दहा वर्षांसाठी सात टक्क्यांनी कर्जाऊ वाटून बसलात, तर?”

“तर मॅनेजर म्हणाला, आधी जेवून घेतो!”

“पण पुढच्याच महिन्यात लांब मुदतीची कर्जं आवरली की नाही? माझी आयुष्यभराची ठेव आहे गं आत. आजही काढायलाच हवा चेंडू.”

“कुठून काढणार? चेंडू तिओंच्या घरी राहिले.”

लिगायाने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. तो खडखडला तशा दोघी वळल्या.

“अगं बाई! तू देल्फिनची लेक ना?”

“हो,” लिगाया म्हणाली. “मॅनेजरसाहेबांचं जेवण झालंय का?”