आबासाहेबांच्या तसबिरीपुढं

आक्का : पेंढा भरल्यालं वाघ झालं, बिबटं झालं, तलवारी झाल्या. आता तरी सांग वीरेश, जयसिंगपूरवरनं मला हितं कशापायी आणलंस? सकाळपास्नं नवराबायकू एकमेकांकडं नुसतं बघालाय.

वीरेश : कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघायचाय म्हणून तूच मागं लागलीवतीस की.

आक्का : त्याला किती वर्सं झाली. अन् माझं निम्मं ध्यान भाईर चपलाकडं हाय.

शांभवी : आक्का, चपला काढायची गरज नाही म्हणून वॉचमननं सांगितलं होतं.

आक्का : त्यो सांगतोय. महाराजांच्या घरात चप्पल घालून शिरू व्हय?

वीरेश : बरं, ही तसबीर बघ. शाहू महाराज. मूळचे कुठले हे?

आक्का : माझीच परीक्षा घेतोस व्हय रं? आई गेल्यावर तुला मांडीवर घेऊन मीच सांगत हुतो नव्हं. कागलच्या घाटग्यांचं पोर, यशवंतराव. राणीसायबांनी दत्तक घेतलं अन् गादीवर बसवलं.

शांभवी : म्हणजे या घरात जन्मलेले नव्हते.

आक्का : न्हवतं. पर ह्या घराचं नाव काढलं ते त्यांनीच.

वीरेश : आक्का, आम्ही पण... म्हंजे, शांभवी आणि मी...

आक्का : पोर दत्तक घेणार हाय.

वीरेश : तुला कुणी सांगितलं?

आक्का : सांगाय कशाला पायजे? दार लावून कुजबुजतासा, माळ्यावरचा पाळणा पुसून ठेवलासा. मी काय आंधळी हाय?

शांभवी : मुलगी आहे, आक्का. दीड वर्षाची. सोमवारी आणायला जायचंय. पण तुम्हीच तोंड फिरवलंत, तर तिला कुणाच्या जिवावर घरात आणू?

आक्का : जातीचं, रगताचं मला काय न्हाय. आपल्या लिंगायतात गळ्यात लिंग बांधलं की पोर घरचं झालं. भ्या येगळंच हाय. एवढा जीव लावायचा, अन् उद्या मोठी होऊन ती जन्म दिलेल्यांची आठवण काढत बसली, तर?

वीरेश : ही शेजारची तसबीर कुणाची?

आक्का : आबासाहेब घाटग्यांची. जयसिंगराव. महाराजांचं जन्माचं वडील.

वीरेश : आणि आपण राहतो कुठं?

आक्का : जयसिंगपुरात.

शांभवी : गावाला हे नाव दिलं कुणी?

(आक्का तसबिरीजवळ जाऊन खालचं नाव बोट फिरवत पुन्हा वाचते.)

आक्का : महाराजांनीच की. सगळा जल्म त्या गावात गेला, पर हे असं कदी मनात आलं न्हाय. वडलांच्या नावानं अख्खं गाव वसवलं.

वीरेश : आणि कोल्हापूरचे ते कोल्हापूरचेच राहिले.

आक्का : व्हय. दोन्ही घरं सांभाळली म्हणायची.

शांभवी : आक्का, रडताय?

आक्का : त्या वाघाच्या अंगावरची धूळ गेली डोळ्यात. चला भाईर. चप्पल असली तर बरं, न्हाईतर वीरेश नवी घील.

वीरेश : घेतो की. मग आता सरळ घरी?

आक्का : न्हाय. गाडी हुपरीवरनं घे.

शांभवी : हुपरीला काय काढलंत मधेच?

आक्का : तितं चांदीकाम करती त्या बसम्माला पैंजण करायला सांगायचं हाय. पोरीच्या पायाचं माप घेतलंया का न्हाय कुणी?