कर्ण्यात राहिलेलं बूच

टॅमरॅक हार्बर पोलीस ठाणे, मेन
दिनांक २३ ऑक्टोबर १९८१

मी, आर्विला लिनवूड टोझियर, वय ७१ वर्षे, धंदा – पूर्वी शाळेची बस चालवत असे, आता काही नाही, राहणार – ब्रेकवॉटर रस्ता, चर्चच्या खालच्या अंगाचं पिवळं घर, टॅमरॅक हार्बर. समक्ष ठाण्यात हजर राहून, सार्जंट रोलंड मिशो यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. "एकटी" हे सार्जंटने विचारलं म्हणून लिहिलं आहे. महिन्यापूर्वी विचारलं असतं तर नवऱ्यासह राहते असं सांगितलं असतं.

आमच्या गावात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांच्या बंब कंपनी क्रमांक दोनचे सेक्रेटरी क्लेटन ॲव्हरिल यांनी अशी तक्रार दिली आहे की, बंबखान्याच्या काचेच्या कपाटातला चांदीचा कर्णा चोरीला गेला असून तो माझ्याकडे असल्याचा संशय आहे. संशय कशाला? माझ्याकडेच आहे. उशीच्या अभ्र्यात घालून तो मी सोबत आणला आहे आणि आत्ता या टेबलावर ठेवला आहे. सार्जंटने त्याला "सदर चांदीची वस्तू" असं लिहिलं होतं. ते खोडून मी "कर्णा" लिहायला लावलं. तो परत द्यायला माझी ना नाही. माझ्या नवऱ्याला त्यातून हाक मारायची राहिली आहे. ती मारा आणि कर्णा घेऊन जा, एवढंच माझं म्हणणं आहे. क्लेटनने फोन केला तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मिसेस टोझियर, तुमच्या भावना मी समजू शकतो." आणि फोन ठेवून इथे तक्रार द्यायला आला.

कर्ण्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, तो वाजवायचा नव्हे, आगीपाशी हुकूम ओरडायचा कर्णा आहे, आणि १८५४ साली गावातल्या स्त्रियांनी तो कंपनीचा फोरमन, म्हणजे म्होरक्या, जोथम बेल याला दिला. दोरखान्याला आग लागली होती. दोरखाना गेला, पण वारा गावाकडे फिरला तरी जोथम बेलने आग कुंपणाच्या अलीकडे येऊ दिली नाही. कर्ण्यावर हे सगळं कोरलेलं आहे, आणि खाली "कृतज्ञ स्त्रियांकडून" असंही आहे. मधोमध हातपंपाचं आणि पेटलेल्या छपराचं चित्र आहे. स्त्रियांनी दिला, आणि तेव्हापासून घासायचं कामही स्त्रियांकडेच आलं. दर जुलैत गावोगावच्या बंबांची चढाओढ असते, त्याच्या आधी फोरमनच्या बायकोने कर्णा घासून द्यायचा. मी एकोणीस वर्षं घासला. घासून घासून छपरावरच्या ज्वाळा आता गवतासारख्या दिसतात. त्यावरून क्लेटनने मला एकदा सुनावलं होतं की चांदी जपून घासावी. मी फडकं त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्याला कुठेतरी जायचं होतं.

त्या कर्ण्याला तोंड लावायची मुभा मात्र स्त्रियांना नाही. हाक मारायलाही नाही आणि प्यायलाही नाही.

प्यायला म्हणजे काय, हे सार्जंटला माहीत आहे. तो स्वतः कंपनीत आहे. तरी कागदावर यायला हवं म्हणून सांगते. फोरमन किंवा माजी फोरमन वारला की दफनाच्या दिवशी सकाळी सगळे बंबखान्यात जमतात. कर्णा उलटा धरायचा, बोलायच्या बारीक तोंडात बूच ठोकायचं आणि वरच्या रुंद तोंडातून लिंबू पिळलेली रम ओतायची. ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाने घोट घ्यायचा. मग कर्णा धुऊन त्यात फुलं भरायची आणि तो शवपेटीवर आडवा ठेवायचा. कबरीपाशी, पेटी खाली सोडण्याआधी, आताच्या फोरमनने फुलं काढायची, बूच काढायचं, बंदराकडे तोंड करायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन तीनदा ओरडायचं, "आग विझली. घरी जा." पूर्वी आग विझली की फोरमन कर्ण्यातून आपल्या माणसांना हेच सांगायचा, आणि ते कानावर पडेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. मेलेला माणूसही त्याशिवाय जागा सोडत नाही असं आमच्याकडे मानतात. मी मानते की नाही, हे सार्जंटने विचारलं. मी त्याला पुढचं लिहायला सांगितलं.

माझा नवरा लिनवूड टोझियर कंपनीत एक्केचाळीस वर्षं होता, त्यातली एकोणीस फोरमन. तो ६ ऑक्टोबरला घरी वारला. शनिवारी, १० तारखेला, दफन होतं. सकाळी बंबखान्यात रीतीप्रमाणे सगळं झालं. मी बाहेर गाडीत बसून होते. रमचा वास गाडीपर्यंत येत होता. आताचा फोरमन व्हॉन टोझियर हा लिनवूडचा सख्खा पुतण्या, धंदा – नळजोडणी. माझ्याच बागेतली ॲस्टरची फुलं त्याने कर्ण्यात भरली आणि कर्णा पेटीवर ठेवला. बूच त्याने आतच राहू दिलं, कारण ते कबरीपाशी काढतात.

कबरस्तानात पाळकाची प्रार्थना झाली. व्हॉनने कर्ण्याला हात घातला, एवढ्यात गावचा आगीचा भोंगा वाजला. व्हॉनने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आलोच." कंपनीची सगळी माणसं काळ्या कोटांत, चांगल्या बुटांत, कबरींमधून गाड्यांकडे पळाली. सार्जंट मिशोही पळाला. हे वाक्य लिहिताना त्याने पेन थांबवलं. मी म्हटलं, "लिही, रोलंड. तू माझ्या बसमध्ये असतानाही असाच खिडकीबाहेर बघत बसायचास." त्याने लिहिलं.

पळाले याबद्दल माझी तक्रार नाही, हे नीट लिहावं. आमच्या लग्नात केक कापायच्या आधी लिनवूड असाच गेला होता. दोन तासांनी भुवया जाळून परत आला आणि म्हणाला, "माझा तुकडा ठेवलास ना?" पेटीत पडल्या पडल्या त्याला भोंगा ऐकू आला असता तर तोही उठून पळाला असता, आणि मीच त्याला बूट आणून दिले असते. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

कबरीपाशी मी, पाळक आणि दफनाचं काम बघणारे मिस्टर क्रॉकेट असे तिघे राहिलो. मिस्टर क्रॉकेट म्हणाले, "वाट बघू या ना, मिसेस टोझियर?" मी म्हटलं, "बघू या." समुद्रावरून वारा सुटला होता. पाळकाला आधीच सर्दी होती, तो शिंकायला लागला. बऱ्याच वेळाने मिस्टर क्रॉकेट टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, पुढे दुसरं एक दफन आहे." त्यांची चूक नाही. पेटी खाली सोडायची म्हणजे कर्णाही तिच्याबरोबर खाली गेला असता. मी तो उचलला, ॲस्टर काढून लिनवूडवर टाकले आणि कर्णा घेऊन घरी आले.

आग कुठे लागली होती, हे मला संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. मिसेस हिल्डरेथच्या ओव्हनमध्ये शनिवारच्या बीन्सचं मडकं करपलं होतं. धूर झाला, आग नाही. दोन बंब, एक शिडी आणि सव्वीस माणसं त्या मडक्यासाठी गेली. मिसेस हिल्डरेथला इतकी लाज वाटली की तिने सगळ्यांना कॉफी आणि डोनट दिले. ते त्यांनी बसून खाल्ले. मग बंब धुतले. मग आपापल्या घरी गेले. पेटीपाशी काहीतरी अर्धवट राहिलं आहे, हे सव्वीस जणांत एकालाही आठवलं नाही.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून बसले. वाटलं, व्हॉन येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, चर्चनंतर येईल. त्या आठवड्यात दुखवट्याचे म्हणून माझ्याकडे मॅकरोनीचे सात ट्रे आले, कर्णा न्यायला कोणी आलं नाही.

गुरुवारी व्हॉन आला. लिनवूडकडचं कंपनीचं हेल्मेट आणि बूट परत न्यायला आला होता. कर्णा स्वयंपाकघराच्या टेबलावर उभा होता, मी मुद्दाम झाकला नव्हता. व्हॉनने आत येताच आपली टोपी काढली आणि कर्ण्यावर अडकवली. मी बघतच राहिले. त्याने कॉफी घेतली, सिंकखालचा गळका नळ आवळून दिला, पैसे घेतले नाहीत. मुलगा वाईट नाही. जाताना टोपी कर्ण्यावरून उचलून डोक्यावर घातली आणि म्हणाला, "काकू, एक विचारायचं राहिलं." मी उठून उभी राहिले. तो म्हणाला, "हेल्मेटचा पट्टा कुठे आहे?"

पट्टा मी दिला.

त्याच संध्याकाळी मी कर्णा घेऊन मागच्या ओसरीत गेले. तिथून बंदर दिसतं. रीत माझ्यासाठी नाही हे मला ठाऊक आहे, पण ज्यांच्यासाठी होती त्यांनी डोनट खाल्ले होते. मी कर्णा तोंडाला लावला आणि ओरडले. आवाज बाहेर गेलाच नाही. बाटलीत तोंड घालून बोलल्यासारखा माझ्याच तोंडावर परत आला. पाहते तो बूच आतच. मी ते सुरीने, स्क्रूड्रायव्हरने, लिनवूडच्या मासे साफ करायच्या चिमट्याने काढायचा प्रयत्न केला. माझ्या बोटांत संधिवात आहे. बूच तसूभर हललं नाही. मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि रडले. बुचापायी रडले, असं लिहावं. दुसरं काही लिहू नये.

चोरीच्या तक्रारीबद्दल विचारल्यावरून सांगते की, कपाट रिकामं आहे हे कंपनीला परवापर्यंत कळलं नव्हतं. परवा पोर्टलंडहून एका संग्रहालयाच्या बाई आल्या. जुन्या काळी मानाने दिलेल्या चांदीच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं आहे, त्यासाठी त्यांना कर्णा बघायचा होता. क्लेटनने मोठ्या ऐटीत कपाट उघडलं. मग धावपळ झाली. त्यातून रम प्यायलेल्यांपैकीच कोणी म्हणालं जुलैच्या चढाओढीपासून दिसला नाही, कोणी म्हणालं संग्रहालयवाल्यांनी आधीच नेला असेल. शेवटी मिस्टर क्रॉकेटना विचारलं, आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. त्या बाईंना कर्ण्याचं वजन, घडवणाऱ्याचा शिक्का आणि तो कोणत्या प्रसंगी दिला हे हवं होतं म्हणे. प्रसंग मी सांगितला असता.

आज ठाण्यात क्लेटन ॲव्हरिल आणि व्हॉन टोझियर हजर आहेत. पुढील बोलणं सार्जंटसमोर झालं. कर्णा बघून क्लेटन म्हणाला, "चला, मिळाला. मी तक्रार मागे घेतो, विषय संपला." मी म्हटलं, "हात लावू नकोस." तो म्हणाला, "अहो, ही कंपनीची मालमत्ता आहे." मी त्याला "कृतज्ञ स्त्रियांकडून" ही ओळ वाचायला लावली आणि म्हटलं, "त्यांच्यातली एक बसली आहे समोर, आणि सध्या तिला फारशी कृतज्ञता वाटत नाही."

व्हॉन म्हणाला, "काकू, मी घरी आलो होतो तेव्हा सांगायचं ना!"

मी म्हटलं, "काय सांगायचं? तुझा काका मेला हे?"

तो म्हणाला, "मला वाटलं, मी मारली हाक. खरंच, काकू. घरून निघताना आरशासमोर इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं, मला वाटलं मी ती मारली." मग तो खाली बघत राहिला. त्याचे कान लिनवूडसारखे लाल होतात, हे मी आज प्रथम पाहिलं.

त्याने गाडीतून पकड आणि बारीक स्क्रू आणला. बूच पिळून बाहेर काढलं. त्याला अजून रमचा वास होता. मी ते माझ्या पर्समध्ये ठेवलं आहे. क्लेटनला ते मालमत्ता म्हणून हवं असल्यास त्याने वेगळी तक्रार द्यावी.

व्हॉन म्हणाला, "आत्ता कबरस्तानात जाऊ या." मी नको म्हटलं. वाटेत भोंगा वाजेल. इथूनही बंदर दिसतं. सार्जंट म्हणतो की जबाब संपल्यावर तो देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. तो कोणी वाचावा आणि कशातून वाचावा याचा काही नियम आहे का, असं मी विचारलं. त्याने पुस्तक न बघताच नाही म्हणून सांगितलं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा जबाब व्हॉनने वाचावा, दारात उभं राहून, पहिल्या ओळीपासून, बीन्ससकट. घाई करू नये. माझी आणखी काही तक्रार नाही. शेवटी एकच सांगायचं आहे, ते वेगळ्या ओळीवर लिहावं.

लिनवूड टोझियर, आग विझली. घरी जा.

वरील जबाब मी बोलले तसा सार्जंट रोलंड मिशो यांनी लिहून घेतला. व्हॉन टोझियर, फोरमन, बंब कंपनी क्रमांक दोन, याने तो ठाण्याच्या पायरीवर उभं राहून, बंदराकडे तोंड करून, कर्ण्यातून वाचला. डोनटच्या ठिकाणी तो अडखळला, तेव्हा ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. धक्क्यावरची माणसं काम थांबवून उभी राहिली. शेवटची ओळ त्याने तीनदा वाचली. तिन्ही वेळा मला नीट ऐकू आली. जबाब बरोबर आहे. कर्णा परत दिला.

सही – आर्विला टोझियर
समक्ष – सार्जंट रो. मिशो