बदकाच्या क्लासचं भाडं

न्हाई शेठ, भंगार न्हाई. मागं तुमच्या दुकानाशेजारच्या जिन्यात बाईंनी सांगितलं होतं, आज या मांडवात मी सांगतो. तुमी आत्ता बोलून खाली बसलात. म्हणालात, वरच्या खोलीतलं जुनं भंगार काढून तिथं मानेबाईंच्या नावानं नवंकोरं कॉम्प्युटर सेंटर काढणार. काही माना डोलल्या. मी बघितल्या त्या माना. तुमच्या भाषणात आणखी एक वाक्य होतं. त्याच्याकडं शेवटी येतो. विसरणार न्हाई.

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. शोकसभेत कुणी असं भांडत उभं राहत नाही, हे मला कळतं. पण रडायला उभा राहिलो तर एक शब्द फुटणार नाही, आणि भांडायला उभा राहिलो तर निदान बोलणं तरी होईल. म्हणून भांडतो.

कोरेगावहून बाईंच्या माहेरची माणसं आलीत, त्यांच्यासाठी सांगतो. मी शंकर. विट्याचाच. नववीतनं शाळा सोडली आणि कोइमतूरला गेलो. तिथं गलाईच्या दुकानात कामाला आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. माझी बहीण सीमा, ती बघा बाईंच्या फोटोशेजारी उभी आहे, ती बाईंच्या टायपिंग क्लासची. आधी शिकायला गेली, मग शिकवायला लागली. क्लास वरच्या खोलीत, खाली शेठचं मोबाइल-कॉम्प्युटरचं दुकान, आणि खोलीपण शेठचीच, भाड्यानं घेतलेली.

काल ट्रॅव्हल्समध्ये बसून हे लिहून काढलं. बाईंचा नियम होता, लिहायचं ते शुद्ध, बोलायचं ते आपलं. म्हणून कागदावर शुद्ध आहे. राग आला की आपलं येईल. चालवून घ्या.

मघाशी गुरवकाका बाईंबद्दल बोलत होते आणि मागनं शेठच्या दुकानातला, पैसे आले की बोलणारा डबा ओरडला, दोनशे वीस रुपये मिळाले म्हणून. कुणीतरी हसलं. आमच्या बाईंच्या शोकसभेला शेठनी शटर खाली घेतलं, पण अर्धंच. असू द्या. डबा बंद करू नका शेठ. त्याचंबी काम आहे आज.

आता शब्दाची गोष्ट सांगतो. भंगार हा शब्द.

सीमाला टायपिंग शिकायचं होतं. मी कोइमतूरच्या जुन्या बाजारातनं एक लॅपटॉप घेतला. काळा, जाडजूड, पाट्यासारखा वजनदार. दुकानदारानं चालू करून दाखवला होता, विट्यात आला तो मेलेलाच. मी सुट्टीला आल्यावर तो घेऊन शेठच्या दुकानात गेलो. शेठनी हातसुद्धा लावला नाही. पेनानं ढकलला. म्हणाले, "ह्ये भंगार कशाला उचलून आणलंस गड्या? किलोवर जाईल. नवीन घे, हप्त्यावर देतो."

मी जिन्याशी उभा होतो. वरच्या क्लासातनं बाई उतरत होत्या. तेव्हा टाइपरायटर बंद होऊन कॉम्प्युटरवरच्या परीक्षा सुरू झालेल्या. बाईंची टाइपरायटरं गेलेली, नवे कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नाही. बाईंनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, कानाजवळ नेऊन हलवला. नारळ बघतात तसा. आणि विचारलं, "कुणाचं हे?"

मी म्हणालो, "माझं. पण भंगार हाय म्हणं."

"तुम्ही सोन्यात काम करता ना? तुमच्याकडं कुणी तुटकं कानातलं आणलं तर भंगार म्हणता?"

"न्हाई बाई. मोड म्हणतो."

बाई तिथंच जिन्यात थांबल्या. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. "मोड. अरे, मटकीला येतात तेपण मोडच की. कसली भाषा आहे रे आपली!" त्या दिवसापासून त्या खोलीत कुणी भंगार म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं वर्ग झाडायचा. शेठ, तुमी आज हा शब्द माइकवर बोललात. बाई असत्या तर केरसुणी तुमच्या हातात असती.

तो लॅपटॉप बाईंनी उठवला. कुठं शिकल्या, कशा शिकल्या, मला विचारू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, चुकायच्या, चिडायच्या. पहिल्यांदा त्यांनी भलताच स्क्रू काढला आणि पडद्याची वायर तोडली. मग दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपची वायर काढून ह्याला लावली. एकाची मेमरी दुसऱ्यात, दुसऱ्याचा कीबोर्ड तिसऱ्याला. बॅटऱ्या सगळ्यांच्या गेलेल्या, म्हणून सगळे कायम वायरीला. लाईट गेली की अख्खा वर्ग एकदम "बाईऽऽ" म्हणून ओरडायचा.

नवीन विंडो त्या जुन्या मशिनींना झेपत नव्हती. म्हणून बाईंनी लिनक्स टाकलं. हलकं असतं, फुकट असतं. चालू होताना पडद्यावर पेंग्विन यायचा. आपल्याकडं पेंग्विन कुणी बघितलाय? पोरी म्हणायला लागल्या बदक. झालं. मानेबाईंचा क्लास गावात बदकाचा क्लास झाला. मी दर सुट्टीला कोइमतूरहून दोन-तीन मेलेली मशिनं पोत्यात घालून आणायचो. आई म्हणायची, लोकांची पोरं साड्या आणत्यात, आमचं पोतं आणतंय.

क्लास भरला. आणि नवीन मशीन कुणी हप्त्यावर घेईना, खालचं दुकान रिकामं दिसायला लागलं. आता कुणाच्या पोटात दुखलं असेल? मी नाव घेत नाही. मी फक्त पहिल्या रांगेत बघतोय.

पोरींच्या आया खाली दुकानात चार्जर बघायला, रिचार्जला थांबायच्या. त्यांच्या कानात कुणीतरी सांगितलं, वरच्या लॅपटॉपात विंडोच न्हाई. एक मावशी तरातरा वर आल्या. आज आल्यात, नाव घेत नाही. म्हणाल्या, "आवं बाई, तुमच्या मशिनीला खिडकीच न्हाई म्हणं? पोरीचं डोळं जातील की अंधारात!"

बाईंनी काय केलं? उठल्या, खोलीची खिडकी सताड उघडली, आणि म्हणाल्या, "ही बघा खिडकी. ऊन येतंय का? मग बसवा पोरीला."

हसा. बाईपण हसल्या होत्या. पण त्या मावशींनी दुसऱ्या दिवशी पोरगी काढली. तिच्यामागं आणखी पोरी गेल्या. बाई घरोघर जाऊन सांगत होत्या, अहो, कीबोर्ड तोच आहे, अक्षरं तीच आहेत, बोटांना विंडो कळत नाही. कुणी ऐकलं? आज इथं डोळ्याला पदर लावून बसलेल्यांपैकी कुणी ऐकलं? मावशी, मान वर करा. मी रागावून बोलतोय, पण खोटं बोलत नाही.

मग कुणीतरी पोलिसात अर्ज टाकला. वर चोरीचा माल चालतो म्हणून. हवालदार आले. चांगला माणूस, पण ड्युटी करायला आलेला. म्हणाले, "बाई, ह्यात चोरीचं सॉफ्टवेअर हाय म्हणं."

"चोरीचं कशाला? हे फुकट मिळतं."

"फुकट हाय, म्हंजे चोरीचंच की वो!"

बाईंनी त्यांना अर्धा तास समजावलं. हवालदारांनी शेवटी पंचनाम्यात लिहिलं, पडद्यावर बदकाचे चित्र आढळून आले. सही केली, चहा घेतला, गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःची पोरगी क्लासला घातली. पोलीस खात्याला कळलं. खाली तळमजल्याला न्हाई कळलं.

इथपर्यंत मी माफ केलं असतं. खरं सांगतो. धंदा आहे, जळणारे जळतात. पण आता जे सांगतो ते ऐका. हे सांगायला मी एवढ्या लांबून आलोय.

हा टेबलावर ठेवलाय तो लॅपटॉप बघा. माझा पहिला. ह्याच्यावर बाईंनी लिनक्स नाही टाकलं. जुनी एक्सपी विंडो ठेवली, कारण बाईंचा जुना मराठी फॉन्ट तिच्यावरच चालायचा. जुनी विंडो नेटला जोडली की व्हायरस येतो, म्हणून बाईंनी तिला कधी नेट दाखवलं नाही. म्हणायच्या, ही बाळंतीण आहे, हिला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही. अख्खा क्लास तिला बाळंतीणच म्हणायचा.

तिच्या आतला एक सेल गेलाय. घड्याळात असतो तसला, बटणाएवढा. तो गेला की मशीन तारीख विसरतं. बंद करून पुन्हा चालू केलं की वीसेक वर्षं मागची तारीख दाखवतं. सेल कुठल्याही दुकानात मिळतो. मी एकदा आणून दिला. बाईंनी घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाल्या, "राहू दे रे. त्या तारखेला आमचे हे होते."

बाईंना मिरजेला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्यांना एकच घोर. महिनाभर बंद राहिली तर बाळंतीण पुन्हा उठायची नाही. सीमाला रोज सांगायच्या, जा, तिला एकदा चालू करून ये. सीमा गेली. खोलीला आमच्या कुलपावर दुसरं कुलूप. मोठं, नवीन, पितळी. शेठना विचारलं तर म्हणाले, सुरक्षेसाठी लावलंय, बाई बऱ्या होऊन आल्या की बघू.

काय करणार ती? दवाखान्यात आजारी माणसाला काय सांगणार? खोटं बोलली. म्हणाली, "चालू केली बाई. चांगली चालली."

बाईंनी विचारलं, "तारीख काय दाखवली?"

सीमा गडबडली. आणि तिनं आजची तारीख सांगितली.

आजची तारीख.

बाई टायपिंगच्या बाई होत्या. एका अक्षराची चूक लांबून दिसायची त्यांना. सीमाच्या हातावर हात ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांना कळलं. खोली गेली, हे त्यांना कळलं. त्यानंतर त्यांनी क्लासचं नाव काढलं नाही, ते शेवटपर्यंत.

बाईंचा जीव आजारानं गेला. डॉक्टर सांगतात, मी मानतो. मी कुणाला खुनी म्हणत नाही. पण शेठ, मरणाऱ्या बाईला भिंतीकडं तोंड करायला लावणारं कुलूप तुमचं होतं. आज सकाळी कोरेगावहून बाईंचे भाऊ आले, तेव्हा तुमी ते हसत हसत काढलंत. दादा, तुमच्यासमोर काढलं ना? सीमासमोर का न्हाई काढलं? ती पोरगी तुमच्या दुकानाच्या पायरीवर किती दिवस उभी राहिली? मी लांब होतो. कोइमतूरला भट्टीपुढं उभा होतो आणि फोनवर तिचं रडणं ऐकत होतो. तेव्हाच ठरवलं होतं, याची परतफेड करायची. काच फोडायची, कॉलर धरायची, लय काय काय मनात आलं. ट्रॅव्हल्समध्ये बसलो तोवर तेच मनात होतं.

मग आत्ता तुमी बोललात. आता ते वाक्य. मी जसंच्या तसं म्हणतो, चुकलं तर सांगा. तुमी म्हणालात, "क्लास चालवणारं कुणी असतं, खोलीचं भाडं भरणारं कुणी असतं, तर मी खोलीला हातसुद्धा लावला नसता. बाईंचा क्लास तसाच राहिला असता."

बोललात ना? मांडवानं ऐकलं ना? दादा, ऐकलं ना? हवालदारसाहेब, तुमीबी मागं बसलाय, ऐकलं ना?

चालवणारं कोण? सीमा, पुढं ये. ही चालवणार. सोमवारी सकाळी सातची बॅच. ज्यांनी पोरी काढल्या त्यांनी परत पाठवा, ती कुणाला काही बोलणार नाही. मी बोलेन, पण मी कोइमतूरला असतो.

आणि भाडं भरणारं कोण, तेबी कळेल. आधी बाईंना आदरांजली.

सगळ्यांनी उभं राहावं. मिनिटं मोजायला नकोत. मी ह्या बाळंतिणीचं बटण दाबतो. ती म्हातारी आहे, तिला उठायला वेळ लागतो. ती उठेपर्यंत आपण गप्प उभं राहू. पंख्याचा आवाज येईल, घरघर येईल, येऊ द्या. आणि तारीख आली की सीमा वाचून दाखवेल. मशिनीत येईल तीच. ह्या वेळी खरी.

...

बसा. ऐकलीत तारीख? बाई, ह्या मशिनीत तुमी अजून आहात, आणि तुमचे साहेबबी आहेत. सेल मी बदलणार नाही.

शेठ, आता तुमी उठू नका. काच फोडणार नव्हतो, फोडत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्या डोक्यावर पोरींची बोटं वाजणार आणि तुमच्या डब्यात माझ्या नावानं खोलीचं भाडं येणार. तुमी घेणार. बोललाय तुमी, सगळ्यांसमोर. हा मोबाइल काढला. हा तुमचा नंबर. हे दाबलं.

पुढचं मी नाही बोलत. तुमचा डबा बोलेल. गप्प ऱ्हावा सगळी.

चार हजार पाचशे रुपये मिळाले.